निळ्या फुग्याचे वर्णन



वर्णनपर लेखनाचा हा घटक तुमच्या हाती देताना एक प्रसंग आठवतो. नंदुरबार जिल्ह्यातील खांडबारा येथे आमचे संपर्कसत्र होते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे गाव समुद्रापासून दूर. म्हणूनच उदाहरणासाठी मी मुद्दाम ‘ब्लू बॉटल’ निवडली. पावसाळ्यात वाऱ्यासोबत मुंबईच्या किनाऱ्यांवर येऊन पडणारा हा सागरी जीव. 2018 च्या ऑगस्टमध्ये तेथे सुमारे दीडशे जणांना त्याचा दंश झाल्याच्या बातम्या आल्या होत्या.

फळ्यावर मी लिहिले : ‘पारदर्शक, नीलवर्णी, वायुपूरित कोश व दीर्घ स्पर्शके.’ वाक्य निर्दोष होते. मागच्या बाकावरील एक ताई उठल्या.

“सर, माझा मुलगा कामासाठी मुंबईला निघालाय. चौपाटीवर तो जाणारच. यातलं त्याला काय सांगू?”

मी ओशाळलो. फळा पुसला आणि वर्ग कामाला लागला. मी चित्र काढत गेलो, उपमा त्यांनी पुरवल्या. माशाच्या पोटात निघतो तसा फुगा, कधी बोटाएवढा, कधी वीतभर. रंग कपड्यांना घालायच्या निळीचा. माथ्यावर कोंबड्यासारखा तुरा, किंचित गुलाबी झाक असलेला. तोच त्याचे शीड. खाली निळ्या, मणी ओवल्यासारख्या दोऱ्या. या दोऱ्या कित्येक मीटर लांब असू शकतात आणि त्यांतच डंख असतो.

“हा मासा का?” मासा नव्हे, काटेकोरपणे पाहिले तर जेलीफिशही नव्हे. फायसेलिया फायसेलिस हे त्याचे शास्त्रीय नाव. एकाच अंड्यातून, कळ्या फुटाव्यात तशा वाढलेल्या अनेक जीवघटकांची ती वसाहत असते. कुणी तरंगवतो, कुणी शिकार धरतो, कुणी पचवतो, कुणी प्रजननाचे काम करतो. सुटा मात्र कुणीच जगत नाही. मग त्याला ‘तो’ म्हणावे की ‘ते’? येथे माझ्यातला भाषाशास्त्रज्ञ जागा झाला. ‘घरात’ या शब्दातील ‘त’ स्थळ दाखवतो, पण एकटा उभा राहू शकत नाही, असे मी सांगू लागलो. तुलना मला फार आवडली होती. ताईंना नाही.

“लागलंच तर काय करायचं?”

वाळूने चोळू नये. चोळल्याने न फुटलेल्या दंशपेशीही फुटतात. चिकटलेल्या दोऱ्या उघड्या हाताने न धरता काढाव्यात, जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवावी आणि श्वास लागला तर थेट दवाखाना गाठावा.

ताईंनी हे सारे वहीत मावचीत उतरवले आणि वाचून दाखवले. शेवटचे वाक्य त्यांचे स्वतःचे होते. त्याचा अर्थ असा : वाळूत मेलेला पडलेला दिसला, तरी दोरीला हात लावू नकोस.