लोखंडाची पोथी
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेचा विद्यार्थी ग्रंथालयात धातुविज्ञानाचे पुस्तक मागू लागला की मित्र हसतात. कथा-कवितांच्या कपाटापाशी मीही रमतो. पण धुळ्याजवळच्या आमच्या गावी वडिलांची लोहारकीची भट्टी आहे आणि कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. जळगावला शिकायला आल्यावर मनात आले, वडील जे हाताने करतात ते कुणी लिहून ठेवले असेल काय?

लिहिलेले पुष्कळ आहे. इटलीतल्या बिरिंगुच्चोचा धातुकामावरचा ग्रंथ १५४० मध्ये छापला गेला. विद्वानांची लॅटिन बाजूला ठेवून त्याने तो लोकांच्या इटालियन भाषेत लिहिला. आपल्याकडे, धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरला जन्मलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्या कोशातल्या धातूंवरच्या नोंदी मी वाचल्या. धुळ्याला आय. टी. आय. करणाऱ्या मावसभावाची फिटरची पुस्तकेही मागून आणली.

या पुस्तकांनी मला घरचीच भट्टी नव्याने दाखवली. पोलादाचे पाते लाल तापवून पाण्यात बुडवले की ते कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून वडील ते घासून उजळतात आणि पुन्हा बेताने तापवतात. पात्यावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. हवा तो रंग दिसताच पाते पुन्हा पाण्यात! पुस्तक सांगते, हा रंग म्हणजे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. पिवळा सुमारे २२० अंश सेल्सिअसला दिसतो, निळा ३०० च्या आसपास.

सुटीत मी हे वडिलांना वाचून दाखवले. भाता न थांबवता त्यांनी विचारले, "कुऱ्हाडना रंग काय लिखेल शे?" मी तक्त्यात पाहिले. "जांभळा," म्हणालो. "मंग बरोबर लिखेल शे," एवढेच ते बोलले. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांनी छापील तक्ता तपासून पास केला होता!

एक मात्र खटकले. मी वाचलेल्या पुस्तकांत 'कठिनीकरण' भेटले, पण वडिलांचे 'पाणी पाजणे' कुठे भेटले नाही. 'पाणीदार', 'तावून सुलाखून' हे शब्द आपण निबंधात हौसेने वापरतो. भट्टीवरचा माणूस मात्र पुस्तकाबाहेरच राहतो. आता तयार विळे-कुऱ्हाडी बाजारात मिळतात. आमची भट्टी वडिलांनंतर पेटेल, याची खात्री नाही.

म्हणून मी एक वही केली आहे. त्यात वडिलांच्या अहिराणीतच अवजारांची नावे, कृती आणि रंग लिहितो. मित्रहो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी सोनारकी असेल, कुणाच्या घरी तांब्या-पितळेचे काम. ते शब्द तुम्हीही लिहून आणा. वहीत पाने अजून बरीच कोरी आहेत.