भीमपूरच्या वाटेवर कार्बन फायबर

नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने दक्षिणेला निघालं की हिंगणघाट, पांढरकवडा मागे पडतं आणि पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणाची हद्द लागते. आदिलाबादहून आत वळलं की भीमपूरची वाट. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे काळी कापसाची जमीन. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखाला जोडले गेले, उरलेला जिल्हा आंध्रात राहिला. पाट्या तेलुगूत आल्या, तरी घरातली मराठी आणि नदीपारची सोयरीक टिकली.

म्हणूनच सुट्टीत पुण्या-हैदराबादची तरुण मंडळी गाडी घेऊन इकडे येतात. हल्ली बॉनेट उघडलं की आत कार्बन फायबरचं चकाकतं इंजिन कव्हर दिसतं. हौस जरूर करावी. फक्त ही वाट लक्षात ठेवून करावी.

इथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. कार्बनचा धागा ही उष्णता सहज सोसतो, पण त्याला धरून ठेवणारं रेझिन मऊ पडू शकतं. म्हणून असा भाग एक्झॉस्टपासून लांबच हवा. स्वस्तात मिळणारं कव्हर पुष्कळदा नुसतं नक्षी चढवलेलं प्लास्टिक असतं. खऱ्या कव्हरनेही वजन फारसं घटत नाही. उलट, मूळ कव्हरखालचा आवाज शोषणारा फोम गेला की इंजिन जास्त ऐकू येतं.

बसवताना इंजिन थंड हवं. कव्हरवर कणकेचे तीन-चार गोळे ठेवून बॉनेट अलगद लावा नि उघडा. गोळा पापडासारखा चपटा झाला, तर जागा कमी आहे. चालू इंजिन हलतं, ते बॉनेटला घासेल. कार्बन फायबरमधून वीज वाहते, तेव्हा बॅटरीच्या टोकांपासून अंतर ठेवा. ॲल्युमिनियमला ते थेट टेकलं आणि ओल लागली, तर ॲल्युमिनियम गंजतं. मध्ये रबरी वॉशर घाला. बोल्ट हातानेच, थोडे थोडे आवळा. भोक पाडायची वेळ आली तर तोंडाला मास्क हवाच. ती भुकटी छातीत जाऊ नये.

सगळ्यात जपायचं ते हवा घेणाऱ्या भागाला. कंपनीचा बंद फिल्टर-डबा काढून उघडा फिल्टर लावला, तर तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. त्यात दिवाळीनंतर कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांमागे तुमची गाडी. फुफाटा फिल्टरवर बसतो, कापसाचे तंतू रेडिएटरच्या जाळीत अडकतात, आणि इंजिन तापतं. मग गॅरेज गाठायला आदिलाबादला परतावं लागतं. एवढ्यासाठी मूळ डबा राहू द्या. शोभेचं कव्हर वरून बसवा. गाडी वॉरंटीत असेल तर काही बदलण्याआधी विचारून घ्या.

गावात पोचल्यावर बॉनेट उघडाच, पोरं बघायला जमतीलच. त्यांना कव्हर दाखवता दाखवता रेडिएटरची जाळीही झाडून घ्या.