छत्री, डबा आणि पंचावन्न इंच

चिमूरला टीव्ही घ्यायचा हंगाम सोयाबीनच्या पैशावर ठरतो. दिवाळीच्या आगेमागे भिसी, नेरी, शंकरपूर, खडसंगीकडची माणसं येतात आणि मालवाहू ऑटोत खोका टाकून घेऊन जातात. माझं काम त्यानंतर सुरू होतं. टीव्ही भिंतीला लावून देणं आणि बिघडला तर उघडून पाहणं, हा माझा धंदा. वानरांनी वाकवलेल्या ॲल्युमिनियमच्या अँटेना सरळ करायला छपरावर चढत होतो, तेव्हापासूनचा. वानरं आता डिशच्या छत्रीवर उड्या मारतात, एवढाच फरक.

हल्ली सगळ्यात जास्त बोलावणी येतात ती बिघाडासाठी नाहीच. गेल्या हंगामात खडसंगीकडच्या एका काकाजींनी फोन केला. "भाऊ, पंचावन इंची फोर-के आणला जी. दुकानात काचेसारखा दिसत होता. घरी काहून असा भुरकट दाखवते?" गेलो. जुना फुगीर काचेचा टीव्ही अजून कोपऱ्यात होता. नव्या टीव्हीला लावलेला छत्रीचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, त्याला जोडला तर खरंच त्याच्यावर चित्र बरं दिसत होतं. काकाजींचा चेहरा पडला. पैसे पाण्यात गेले, असंच त्यांना वाटलं असणार.

टीव्हीत काहीच खोट नव्हती. आमच्या भागात बहुतेक घरांवर दूरदर्शनची मोफत छत्री आहे. ही सेवा २००४ साली सुरू झाली आणि तिला महिन्याचा रिचार्ज लागत नाही, म्हणून ती टिकली. पण तिच्यावरची बहुतेक चॅनेल साध्या दर्जाची. एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे चार लाखांहून थोडेच जास्त ठिपके. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. उरलेले ठिपके टीव्ही आजूबाजूचं पाहून अंदाजाने भरतो. चार माणसांचा भात ऐंशी पानांत वाढायचा, तसं हे. दुकानात मात्र त्याच टीव्हीवर खास फोर-केमध्ये काढलेले पोपट आणि धबधबे पेन ड्राइव्हवरून चालू असतात. ते सुंदर दिसणारच.

त्यात काकाजींचा डबा लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जोडलेला. लाल आणि पांढरी आवाजाची. चित्राचा उजेड आणि रंग दोन्ही एकट्या पिवळ्या वायरीतून जातात, म्हणून कडा पाझरतात, बातम्यांची खालची पट्टी फिसकटते. डब्याच्या मागे एचडीएमआयचं छिद्र होतं, धूळ बसलेलं. एक वायर लावली. मग बातम्या देणाऱ्या बाईचा ताणून रुंद झालेला चेहरा सेटिंगमध्ये जाऊन मूळ मापावर आणला आणि कंपनीने लावून दिलेला भडक निळसर रंग उतरवला. चित्र फोर-के झालं नाही, ते होणारच नव्हतं. पण अक्षरं वाचता यायला लागली.

"मंग फोर-के कवा दिसन?" काकाजींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. यूट्यूबवर फोर-केमध्येच चढवलेलं काही लावायचं, आणि इंटरनेटचा वेग पंधरा-वीस एमबीपीएस सलग मिळायला हवा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ते जमत नाही. शिवाय त्यांची बाज पडद्यापासून बारा फुटांवर. पंचावन्न इंची पडद्यावर सात-साडेसात फुटांच्या पलीकडून फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक चांगल्या डोळ्यालाही कळत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. पैसे देऊन झाले होते.

खरे बिघाड येतात पावसाळ्यात. बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे कमी दाबाने ते सहसा मरत नाहीत. मारते ती वीज. जवळ कुठे कडाडली की झटका छत्रीच्या वायरीतून डब्यात आणि डब्यातून एचडीएमआयच्या वायरीने थेट टीव्हीच्या बोर्डात शिरतो. लोक भिंतीचं बटण बंद करून निवांत बसतात, पण छत्रीची वायर तशीच लागलेली असते. ती काढली नाही तर बटण बंद करून उपयोग नाही.

आणखी एक. आवाज येतो आणि पडदा काळा, असं झालं की लगेच टीव्ही भंगारात देऊ नका. अंधारात पडद्यावर टॉर्च तिरपी धरा. पुसटसं चित्र हलताना दिसलं तर पडदा शाबूत आहे, मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्या आहेत. त्या थोडक्या पैशांत बदलून मिळतात. काच फुटली असेल तर मात्र मी हात लावत नाही. नवा पडदा नव्या टीव्हीच्या जवळपास जातो.

यंदा टीव्ही घ्यायला निघाल तर घरच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलमध्ये काढून न्या. बाजेपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजून न्या. आणि दुकानदाराला पोपट बंद करून तुम्ही रोज पाहता तेच चॅनेल लावून दाखवायला सांगा.