जुन्या कार्डाचा ताळेबंद

व्यापारी घराला जुन्या मालाचे वावडे नसते. जुनी तिजोरी, जुना वजनकाटा, आजोबांच्या वेळची पेढीवरची पेटी यांची किंमत कशी करावी हे आपल्या मुलांना निराळे शिकवावे लागत नाही. मात्र अलीकडे घरोघरी एक असा जुना माल येऊ लागला आहे, की ज्याच्यापुढे वडीलधारी मंडळी गप्प बसतात आणि मुले एकटीच सौदा करून मोकळी होतात. संगणकावर खेळ खेळण्यासाठी लागणारे ग्राफिक्स कार्ड हा तो माल होय.

माझा नातू अकरावीत वाणिज्य शाखेला आहे. दिवाळी, भाऊबीज आणि वाढदिवसाच्या पाकिटांतून त्याने आठ हजार रुपये साठवले. त्या मर्यादेत नवे कार्ड बसत नव्हते. बऱ्यापैकी नवे कार्ड घ्यायचे तर रक्कम दुप्पट हवी होती. म्हणून त्याने वापरलेल्या दोन कार्डांची नावे काढली आणि मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही बँकेत आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासलेत. हाही तपासून द्या." यंत्रसामग्रीच्या तारणावर कर्ज देताना यंत्राची आजची किंमत, त्याचे उर्वरित आयुष्य आणि चालवण्याचा खर्च या तीन गोष्टी पाहण्याची मला सवय आहे. त्याच पद्धतीने आम्ही हे काम हाती घेतले.

आधी कार्ड करते काय, ते समजून घेतले. पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके धरले, तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके होतात. खेळ डोळ्यांना सलग वाटावा यासाठी असे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवायचा. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा अनुभवी शाखाधिकाऱ्यासारखा असतो. गुंतागुंतीचे निर्णय तो घेतो, पण एका वेळी थोडेच. ग्राफिक्स कार्डात मात्र शेकडो-हजारो साधे कारकून एकाच वेळी बसून छोट्या छोट्या बेरजा करतात. खेळाला हे कारकूनच लागतात.

आमच्यासमोरचे पहिले कार्ड एनव्हिडिया कंपनीच्या जीटीएक्स १०६० मालिकेतील, ६ जीबी स्मृतीचे. ते जुलै २०१६ मध्ये बाजारात आले, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत २४९ डॉलरपासून सुरू होत होती. दुसरे एएमडी कंपनीचे आरएक्स ५८०, ८ जीबीचे. ते एप्रिल २०१७ मध्ये २२९ डॉलरला आले. पहिल्यात १२८० गणनकेंद्रे आहेत, दुसऱ्यात २३०४. हे आकडे पाहताच नातवाचा कल दुसऱ्याकडे झुकला. मी त्याला म्हटले, "एका बँकेत तेराशे माणसे आहेत आणि दुसरीत तेवीसशे, एवढ्यावरून कोणाचे काम जास्त हे सांगता येते का? कामाची पद्धत निराळी, तर माणसांची संख्या तोलून उपयोग नाही." प्रत्यक्षातही तसेच आहे. बहुतेक खेळांत ही दोन्ही कार्डे जवळजवळ बरोबरीने धावतात. जुन्या पद्धतीने रचलेल्या काही खेळांत १०६० किंचित पुढे असते, तर डायरेक्टएक्स १२ किंवा व्हल्कन या नव्या रचनेवरील खेळांत ५८० पुढे जाते. १९२०×१०८० च्या पडद्यावर, त्यांच्या काळातले खेळ दोन्ही कार्डे उत्तम चालवतात.

दुसऱ्याची स्मृती २ जीबीने अधिक आहे, हा मात्र खरा फायदा आहे. खेळातील भिंती, झाडे, चेहरे यांचे बारकावे या स्मृतीत साठवावे लागतात. ती अपुरी पडली की चित्र अडखळते. अलीकडच्या खेळांना ही जागा वाढत्या प्रमाणात लागते.

आता चालवण्याचा खर्च पाहू. १०६० ची विजेची कमाल गरज १२० वॅट सांगितलेली आहे आणि ५८० ची १८५ वॅट. फरक ६५ वॅटचा. रोज दोन तास खेळ धरला तर वर्षाला सुमारे ४७ युनिट जादा जळतात. युनिटचा दर दहा रुपये धरला तर वर्षाला ४७० रुपये आणि तीन वर्षांत सुमारे १,४०० रुपये. शिवाय ५८० साठी किमान ५०० वॅटचा वीजपुरवठा संच असावा अशी शिफारस आहे. १०६० ला ४०० वॅटचा पुरतो. आमच्या संगणकातील संच ४५० वॅटचा. म्हणजे दुसरे कार्ड घ्यायचे तर संचही बदलायला हवा. त्याची किंमत दुकानात २,८०० रुपये सांगितली गेली.

आम्हाला मिळालेला भाव १०६० साठी ६,००० आणि ५८० साठी ५,५०० रुपये होता. वरवर पाहता दुसरे पाचशेने स्वस्त. पण संच आणि वीज मिळवल्यावर तीन वर्षांचा हिशेब ५८० साठी ९,७०० रुपयांवर गेला. १०६० चा आकडा ६,००० वरच राहिला. नातवाने दोन्ही बेरजा स्वतः मांडल्या आणि बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. खरेदीची किंमत आणि मालकीची किंमत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे वाणिज्याच्या पुस्तकात त्याने वाचले होते. स्वतःच्या आठ हजारांवर ते प्रथमच लागू होत होते.

तरीही ५८० वाईट असे मी म्हणणार नाही. ज्या घरी ५०० वॅटचा चांगला संच आधीच आहे, तिथे हाच फरक ३,७०० वरून अवघ्या ९०० रुपयांवर येतो आणि त्या नऊशेत २ जीबी स्मृती जादा मिळते. शिवाय जो मुलगा लिनक्स वापरतो, त्याच्यासाठी एएमडीच्या कार्डाचा मुक्त ड्रायव्हर त्या प्रणालीतच समाविष्ट असतो. म्हणजे एका अपेक्षेने हे चांगले, दुसऱ्या अपेक्षेने ते. अनेकांत आपण स्वाध्यायात शिकतो. बाजारातही तो असा उपयोगी पडतो. 'कोणते श्रेष्ठ' या प्रश्नाला 'कोणासाठी, कशासाठी' हे जोडल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

यानंतर मालाची शुद्धता. इथे व्यापारी घराने विशेष सावध राहावे. १०६० याच नावाखाली ३ जीबीचे एक कार्डही निघाले होते. त्यात केवळ स्मृती कमी नाही, तर गणनकेंद्रेही १२८० ऐवजी ११५२ आहेत. तसेच ५८० च्या नावाखाली २०४८ केंद्रांचे एक कार्ड विकले जाते. ते वस्तुतः त्याच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे ५७० च्या, ताकदीचे असते. खोक्यावरचे नाव तेच, आतला माल हलका. जीपीयू-झेड नावाचा एक छोटा मोफत प्रोग्राम हे आकडे क्षणात दाखवतो. आम्हाला ५८० म्हणून दाखवलेल्या एका कार्डात हा आकडा २०४८ निघाला. विक्रेता म्हणाला, "काही फरक पडत नाही हो." आम्ही हात जोडले आणि पुढच्या दुकानाची पायरी चढलो.

दुसरा धोका पूर्वायुष्याचा. इथेरियम या आभासी चलनाच्या गणनेसाठी ही कार्डे वर्षानुवर्षे, रात्रंदिवस राबवली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांची गरजच संपली. तेव्हा असा माल मोठ्या प्रमाणावर जुन्या बाजारात उतरला. राबलेले प्रत्येक कार्ड टाकाऊ असते असे नाही. पण पंखे झिजलेले, उष्णता वाहून नेणारा लेप वाळलेला आणि कधी आतील मूळ प्रोग्रामही बदललेला असू शकतो. म्हणून अर्धा तास खेळ चालू ठेवून तापमान पाहावे, पंख्याचा आवाज ऐकावा आणि पक्के बिल मागावे. कच्च्या चिठ्ठीवरचा सौदा शे-दोनशेने स्वस्त पडतो, पण माल बिघडला तर दाद मागायला कागद राहत नाही.

उर्वरित आयुष्याचा विचारही स्पष्टपणे करायला हवा. एनव्हिडियाने १०६० च्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आहेत. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे जाहीर केले आहे. काही नव्या खेळांना प्रकाशकिरणांचा माग काढणारी स्वतंत्र यंत्रणा कार्डातच लागते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सवरील खेळ याचे उदाहरण. ही यंत्रणा आमच्या दोन्ही कार्डांत नाही. म्हणून तीन वर्षांनंतर दोन्हींची किंमत मी शून्य धरली. घसारा पूर्ण लावूनही व्यवहार परवडत असेल, तरच जुना माल घ्यावा.

इथपर्यंत सर्व हिशेबाचे होते. खरा प्रश्न नंतर आला. नातवाच्या यादीत फुटबॉल होता, ट्रक चालवण्याचा खेळ होता, नगर वसवण्याचा खेळ होता. आणि एक बंदुकीचाही होता. मी विचारले, "हा हवाच का?" तो म्हणाला, "आजोबा, त्यात कोणी खरे मरत नाही. बुद्धिबळातही आपण घोडा मारतोच ना?"

हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. मी त्याला राजा यशोधराची कथा सांगितली. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' ग्रंथात ती विस्ताराने आहे. जिवंत पशूचा बळी द्यायला राजा तयार होत नाही. तेव्हा आईच्या आग्रहाखातर तो पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतो. रक्ताचा थेंब सांडला नाही, एकही जीव गेला नाही; तरी मारण्याचा भाव मनात धरला म्हणून माय-लेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावे लागले. हजार वर्षांपूर्वीच्या आचार्यांसमोर संगणक नव्हता, पण पिठाचा कोंबडा होता, आणि प्रश्न तोच होता. श्रावकाच्या अनर्थदंडव्रतात अपध्यानाचा, म्हणजे दुसऱ्याच्या घाताचे चिंतन करण्याचा, त्याग सांगितला आहे तोही याच कारणाने.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बुद्धिबळात मारताना मला काहीच वाटत नाही. यात मात्र मजा वाटते, हे खरे आहे." एवढा प्रांजळपणा मला पुरेसा होता. मी बंदी घातली नाही. मित्र त्याच खेळावर संध्याकाळी भेटतात, हेही त्याने सांगितले होते, आणि सतरा वर्षांच्या मुलाला मित्रांपासून तोडून धर्म शिकवता येतो असे मला वाटत नाही. आपल्या परंपरेत काळाची मर्यादा घालून नियम घेण्याची सोय आहे. त्याने स्वतःहून चातुर्मासाचे चार महिने तो खेळ न खेळण्याचा नियम घेतला. ट्रक आणि फुटबॉल चालू राहतील. पुढचे पुढे.

आम्ही १०६० घेतले, पक्क्या बिलावर, दुकानात चालवून पाहून. उरलेले दोन हजार त्याने आपल्या बचत खात्यात परत भरले. कारखान्यात आधीच तयार झालेली वस्तू आणखी तीन वर्षे वापरात राहिली, एक नवा आरंभ टळला, याचेही समाधान आहे.

आपल्या घरातले मूल असा प्रस्ताव घेऊन आले, तर 'मला त्यातले कळत नाही' म्हणून त्याला परत पाठवू नये. तांत्रिक शब्द ते समजावून सांगते. किंमत, वापर आणि भाव यांचा हिशेब आपण शिकवावा. त्यासाठी एक संध्याकाळ आणि एक कोरा कागद पुरतो.