अजनाल्याचे दात

अमृतसर जिल्ह्यातल्या अजनाल्याला गुरुद्वाऱ्याखाली दबलेली विहीर २०१४ मध्ये उपसली, तेव्हा निघालेल्या सांगाड्यांना दोन इतिहास चिकटले. कुणी म्हणे हे फाळणीतले बळी. दुसरा इतिहास १८५८ पासून छापील होता: अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं, की १८५७ च्या उठावात मियाँ मीर छावणीतल्या २६व्या नेटिव्ह इन्फंट्रीचे २८२ शिपाई त्यानं धरले, बरेच गोळ्यांनी गेले, काही कोंडलेल्या बुरुजात गुदमरून, आणि सगळे कोरड्या विहिरीत टाकले. मारणाऱ्यानं अभिमानानं दिलेला हा जबाब वाचवत नाही.

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जे. एस. सेहरावत यांनी हैदराबाद, लखनौ आणि बनारसच्या शास्त्रज्ञांसह हे अवशेष तपासले. ५० नमुन्यांतला आईकडून येणारा डीएनए आणि ८५ नमुन्यांतले ऑक्सिजनचे समस्थानिक. दाताचं एनॅमल लहानपणी घडतं आणि मग बदलत नाही, म्हणून तेव्हा प्यायलेल्या पाण्याची खूण त्यात राहते. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: ही माणसं पंजाबची नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातली.

पण डीएनए वर्ष सांगत नाही, पलटणही नाही. १८५७ ला दुजोरा मिळतो तो कूपरच्या कागदातून आणि हाडांबरोबर निघालेल्या नाण्या-पदकांतून. हे सगळं एकत्र ठेवल्यावरच मला खात्री वाटते, एकट्या प्रयोगशाळेच्या शब्दावर नाही. शिवाय उत्खनन अननुभवी हातांनी झालं, सांगाडे मोडले, कोणतं हाड कोणाचं ही संगती गेली. ते नुकसान कुठलंही यंत्र भरून काढत नाही.

नातलग असले तर डीएनए किती सांगू शकतो, हे इराकमध्ये दिसलं: मोसुलजवळ मारल्या गेलेल्या ३९ भारतीयांचे अवशेष नातलगांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले गेले. त्यांतले २७ जण पंजाबचे. मार्च २०१८ मध्ये तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं, ३८ जुळले, एकाची जुळणी ७० टक्क्यांवर आहे. एप्रिलच्या आरंभी ३८ शवपेट्या घेऊन विमान अमृतसरला उतरलं. राहिलेल्याला घाईनं नाव चिकटवलं नाही, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अजनाल्याच्या शिपायांना असं ताडून पाहायला कुणी नातलग समोर नाहीत. आणि पुढे एखादं घर नमुना द्यायला आलंच, तर आईकडच्या वंशाची जुळणी हजारो माणसांना लागू पडेल. तरी हे शिपाई गंगेच्या खोऱ्यातले होते, एवढं त्या घराला ठामपणे सांगता यावं, म्हणून उरलेले दात जपायलाच हवेत.