हे गाणे कुणाचे?

वर्ध्याहून सेवाग्राम अवघे आठ किलोमीटर. पण आश्रमाच्या अंगणात पाऊल टाकले की शहर कुठल्या कुठे मागे पडते. गेल्या हिवाळ्यात मी तिथल्या पिंपळाखाली टेकलो होतो. सहलीला आलेल्या शाळकरी मुलींनी ‘हम होंगे कामयाब’ म्हटले. गाणे संपल्यावर जवळच्या चिमुरडीला मी विचारले, “बाळ, हे गाणे कुणाचे ग?”

“आमच्या बाईंचे!” ती ठसक्यात म्हणाली.

हसू आले, पण तिचे तरी काय चुकले? हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुरांचे, हेदेखील किती जणांना ठाऊक असते? मग त्यामागचे मूळ तर दूरच.

फिलाडेल्फियात चार्ल्स आल्बर्ट टिंडली (१८५१–१९३३) नावाचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक होते. वडील गुलाम. शाळा अशी नाहीच. अक्षरे स्वतःच गिरवली. ज्या चर्चमध्ये झाडलोट केली, तिथेच पुढे ते मुख्य उपदेशक झाले. त्यांनी पुष्कळ भक्तिगीते रचली. त्यांतल्या १९०१ सालच्या एका गीतात या गाण्याच्या शब्दांचे बीज आहे. चाल त्याहून जुन्या, गुलामांच्या गाण्यांतून आली, असे जाणकार मानतात. १९४५-४६ साली चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातील संपकरी बायांनी ते गायले. ‘मी’चे ‘आम्ही’ झाले. पुढे मार्टिन ल्यूथर किंगांच्या लढ्याबरोबर ते जगभर गेले.

आता योगायोग पाहा. फेब्रुवारी १९३६ मध्ये हॉवर्ड थर्मन आणि त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन बारडोलीस गांधीजींना भेटले, तेव्हा गांधीजींनी त्यांच्याकडून त्यांच्या समाजाची भक्तिगीते मागून ऐकली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला बेंजामिन मेज वर्ध्यास येऊन अहिंसेविषयी गांधीजींशी बोलले. मेज पुढे अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. तिथे त्यांना विद्यार्थी लाभला तो मार्टिन ल्यूथर किंग! वर्ध्याचा विचार तिकडे गेला, तिकडचे गाणे वर्ध्यास आले. देणेघेणे फिटले म्हणावे, तर एक बाकी उरते. ती नावाची.

हॅरी बर्ली यांचेही तेच. गुलामगिरी भोगलेल्या आजोबांकडून शिकलेली गाणी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये संगीतकार द्वोर्झाक यांना गाऊन दाखविली. द्वोर्झाकांची १८९३ सालची सिम्फनी जगाने डोक्यावर घेतली. बर्ली स्वतः नाणावलेले संगीतकार, पण त्यांचे नाव इकडे क्वचितच कानी येते.

दूर कशाला? माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणे. त्या रचणाऱ्या बाईचे नाव मी तिला कधी विचारले नाही. आता विचारावे, तर आजी नाही.

म्हणून त्या मुलीला मी नाव सांगितले. “टिंडले?” तिने विचार केला. “ते हिंगणघाटचे का हो, आजोबा?”

“नाही ग, खूप लांबचे,” मी म्हणालो. “पण नाव ध्यानात ठेव.”

बसमध्ये चढताना तिने वळून हाक दिली, “टिंडली!”

एका नावाची बाकी तरी फिटली.