वायूची परतवाट

ज्या खोलींतून वायूस निघावयास वाट नाहीं, त्या खोलींत तो धड शिरतही नाहीं. प्राण आणि अपान यांचा हा संबंध देहाविषयीं आपणां सर्वांस ठाऊक आहे. घरासही तोच लागू पडतो, याचा प्रत्यय आम्हांस अमेरिकेंत आला.

गेल्या पौषांत आम्ही उभयतां शिकागोजवळ चिरंजीवांकडे होतों. वैशाखांत नातवाची मुंज करून परतावें, असा बेत होता. तेथील घराच्या तळघरांत गॅसची भट्टी आहे. तिचा पंखा तापलेली हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत पाठवितो व गार झालेली हवा दुसऱ्या नळ्यांतून परत ओढतो. सर्व घर ऊबदार, परंतु आमची मागील खोली तेवढी थंडगार! आमच्या कुटुंबास संधिवात. दोन दुलया घेऊनही झोंप येईना. "मुंजीपर्यंत माझा येथें निभाव लागत नाहीं," असें तें म्हणूं लागलें.

सूनबाईंनीं इतर खोल्यांच्या जाळ्या मिटल्या. त्यानें थोडी हवा मागें वळते खरी. परंतु नळ्यांतील दाब वाढून सांध्यांतील गळतीही वाढते, आणि भट्टीवरून पुरेशी हवा न वाहिल्यास ती अति तापून मध्येंच बंद पडते. चिरंजीव मोठी भट्टी घेण्यास निघाले. तत्पूर्वीं घर एकदां तपासावें, असें आम्हीं सुचविलें.

भट्टीची गाळणी धुळीनें माखली होती, ती बदलली. नळ्यांचे दोन सांधे गळत होते. त्यांवर मॅस्टिकचा लेप दिला. नळ्यांचेंच नांव मिरविणारी कापडी चिकटपट्टी उष्णतेनें लवकर निकामी होते, असें कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या चाचण्यांत १९९८ सालीं दिसून आलें आहे.

पण खरें वर्म निराळेंच होतें. आमच्या खोलींत हवा परत ओढणारी जाळी नव्हती. परतवाट काय ती दाराखालची फट. तींतही थंडीच्या भयानें रात्रीं जुनें लुगडें कोंबलेलें! तें काढलें, दार उतरवून खालून बोटभर तासलें. त्याच रात्रीं जाळीवर धरलेला कागद फडफडला. मोठ्या भट्टीचा खर्च वाचला आणि मुंज आजीच्या देखत झाली.

ज्या वाचकांचे मुलगे व लेकी थंड देशांत नांदत आहेत, त्यांनीं हें त्यांस अवश्य कळवावें. गॅसची भट्टी असल्यास कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें यंत्र घरांत असावेंच. त्या विषारी वायूस वास नसतो.